अर्ध्या किमतीचे शिंपले

मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता नाकोबा बायकोला घेऊन बिअर कॅफेत शिरला, तेव्हाच खरं तर कुणीही ओळखायला हवं होतं की काहीतरी बिनसलंय. मंगळवार! ना सुट्टी, ना कुणाचा वाढदिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायचं, आणि तेही साध्यासुध्या दिवशी नाही, वर्षातल्या सगळ्यात अवघड दिवशी. आणि हा गृहस्थ आपल्या पायांनी चालत जाऊन लसणातले शिंपले खायला बसतो म्हणजे काय? पण बघणाऱ्याला वाटावं, दारातल्या पाटीला भुलला असेल. पाटीवर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मंगळवार : शिंपल्यांचं पातेलं अर्ध्या किमतीत'. अर्ध्या किमतीपुढे भले भले विरघळतात, तिथे हा कोण.

नाकोबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. ते पडलं ऑफिसात, आणि पडलं ते इतकं पक्कं की पगाराच्या पाकिटावर खरं नाव दिसलं की शिपाई विचारायचा, हे कोण बुवा? पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत तो बावीस वर्षं पाणी हुंगत होता. हसू नका. पाण्यात काय काय आहे ते सांगायला यंत्रं असतात, ढीगभर असतात; पण तलावात शेवाळ धरायला लागलं, कुठे काही कुजायला लागलं, तर ते सगळ्यात आधी कळतं माणसाच्या नाकाला. यंत्राला कळेपर्यंत पाणी लोकांच्या पोटात गेलेलं असतं. म्हणून रोज सकाळी सात वाजता काचेच्या चंबूत नमुने यायचे. ते कोमट करायचे, बूच घट्ट धरून गरागरा हलवायचे, बूच काढायचं आणि नाक लावायचं. वास नसेल तर शून्य. अंधुक असेल तर एक. असं पाचापर्यंत. आणि नियम असा की दोघांनी हुंगायचं, एकमेकांकडे पाठ करून, आणि आकडा बोलायचा नाही, चिठ्ठीवर लिहायचा. मग चिठ्ठ्या एकदम उघडायच्या.

नियम चांगला होता. पण नियम काय, माणसांनी पाळला तर नियम. नाकोबाचा आकडा बावीस वर्षांत कधी चुकला नाही, त्यामुळे पाठ करणं गेलं, चिठ्ठ्या गेल्या. तो चंबूवरून मान वर करायचा, "शून्य" म्हणायचा, आणि दुसरा माणूस आपल्या रकान्यात शून्य लिहायचा. कोण वाद घालणार? या माणसाने एकदा जिन्यातूनच सांगितलं होतं की साहेबांनी कालचे मोजे घातलेत.

घरीही त्या नाकाचंच राज्य. सुवासिक साबण नाही, अत्तर नाही, कपडे धुवायची पावडरसुद्धा बिनवासाची, ती शोधायला बायकोला अर्धं गाव पालथं घालावं लागायचं. लसूण फक्त शनिवारी संध्याकाळी, कारण रविवारी त्याला सुट्टी. बायको कपड्यांच्या दुरुस्तीचं दुकान चालवायची. गिऱ्हाइकांना सांगायची, "लोकांना सासूचा जाच असतो. मला सासू नाही, नाक आहे." सांगताना हसायची. बावीस वर्षं हसत होती, म्हणजे तिचंही कौतुकच म्हणायचं.

तर असं हे नाक सहा आठवड्यांपूर्वी गेलं.

कापलं-बिपलं नाही हो. होतं तिथेच होतं, चांगलं मोठं, चेहऱ्याच्या मधोमध. ताप आला होता, तीन दिवस रजा झाली, सोमवारी तो कामावर आला. पहिला चंबू हुंगला, शून्य. दुसरा, शून्य. सगळे शून्य. वा, म्हणाला, आज पाणी झकास आहे. मग सामान आवरताना अमोनियाची बाटली उघडी राहिली होती ती लावायला गेला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. वास आला नाही. त्याने बाटली नाकाला लावली. खोकून खोकून जीव अर्धा झाला, पण वास म्हणून काही नाही. भिंत हुंगल्यासारखं.

डॉक्टर म्हणाला, येईल, येईल, तापानंतर होतं असं. सहा आठवडे बघू. उग्र वास हुंगत राहा. मग हा रोज न्हाणीघराची कडी लावून व्हिनेगर हुंगायचा, रॉकेल हुंगायचा, बुटांचं पॉलिश हुंगायचा. बाहेरून बायको विचारायची, "अहो, झोपलात की काय आत?" हा आतून म्हणायचा, "आलो, आलो." आणि डबीचं झाकण लावून रडायचा. हो, रडायचा. पन्नाशीचा माणूस बुटाच्या पॉलिशची डबी हातात धरून रडतो, हे दृश्य कुणाला विनोदी वाटत असेल तर वाटो.

मग सांगायचं ना ऑफिसात! सांगितलं असतं तर काय झालं असतं? मीटर विभागात टेबल दिलं असतं, खिडकीजवळचं. कुणी वाईट बोललं नसतं. तेच त्याला नको होतं. दिसायला बेताचा, बोलण्यात कच्चा, चार माणसांत उठून दिसावं असं एक नाक सोडून त्याच्याजवळ दुसरं काय होतं? सांगू उद्या, येईल परवा, असं करत करत दिवस ढकलले. आणि निभावलं कसं? तर त्याच्या हाताखाली आठ महिन्यांपूर्वी एक नवी केमिस्ट आली होती, हुशार पोरगी, अबोल. तिला तो म्हणाला, "आजपासून तू आधी हुंगायचं. शिकशील." ती चंबूला नाक लावायची आणि हा तिचा चेहरा वाचायचा. तिची भुवई हलली तर एक म्हणू, नाक मुरडलं तर दोन म्हणू. पण तिची भुवई काही हलायची नाही. मग हा उगाच आपला चंबू हुंगायचा, जरा वेळ छताकडे बघायचा आणि म्हणायचा, "शून्य." सहा आठवडे. त्याने स्वतःची समजूत घातली होती, नशीब माझं, या दिवसांत पाणीच चांगलं येतंय.

आणि आता बुधवार उद्यावर आला होता. दर वर्षी बाहेरचे परीक्षक यायचे. बारा चंबू मांडायचे, कुठल्यात काय ते फक्त त्यांना माहीत. त्या दिवशी मात्र एकेकट्याला आत बोलवायचे. तिथे कुणाची भुवई वाचणार होता हा?

म्हणून हा मंगळवार आणि म्हणून हे शिंपले. ऑफिसापासून दोन चौक सोडून असलेल्या या कॅफेबद्दल सगळं ऑफिस बोलायचं. मंगळवारी पातेल्याचं झाकण उघडलं की वास रस्त्याच्या पलीकडे जातो, म्हणायचे, माणूस बसमधून उतरतो. त्याला वाटलं, अख्ख्या गावात याच्याहून दांडगा वास नाही. परत यायचं असेल तर तिथे येईल. तिथे नाही आलं तर संपलं. दुसरा उपाय त्याच्या डोक्यात नव्हता, आणि सहा आठवडे धड झोप न झालेल्या माणसाच्या डोक्यात एवढं आलं हेच खूप.

कॅफे साधाच होता. लांब लाकडी बाकं, कागदाची टेबलपोसं, भिंतीवर बिअरच्या जाहिराती, आणि आत शिरल्या शिरल्या नुसता कालवा. बायको दारातच थांबली, डोळे मिटले आणि म्हणाली, "अगं बाई! काय वास सुटलाय!"

नाकोबाने छाती फुगवून श्वास घेतला. गार हवा आत गेली, गरम हवा बाहेर आली. बस्स.

"हो ना," तो म्हणाला. "मी हात धुऊन येतो. तू सांग काय ते."

आत बेसिनपाशी तो पाच मिनिटं उभा राहिला. आरशातल्या माणसाला म्हणाला, पातेलं टेबलावर येऊ दे. जवळून येईल. अगदी नाकाखाली आलं की येईल. परत आला तेव्हा बायकोपुढे बिअरचा छोटा ग्लास होता, तिने एक घोट घेतला होता आणि ती टेबलपोसाचा कोपरा दुमडत होती. कपड्याला दुमड घालावी तशी, नखाने दाबून. ती अस्वस्थ असली की हातात येईल ते दुमडायची.

"अहो," ती म्हणाली, "आपण इथे का आलोय?"

"अर्ध्या किमतीत आहेत."

"अर्ध्या किमतीत गेल्या मंगळवारीही होते. त्याच्या आधीच्या मंगळवारीही होते."

"मग आज आलो. खायचं सोडून उलटतपासणी काय घेतेस?"

तिने कोपऱ्याला आणखी एक दुमड घातली. हा मात्र आत आत धसकला, कारण ती सहसा अशा वेळी एक टोमणा मारायची, आणि आज तिने मारला नाही.

पातेलं आलं. वेटर ऐसपैस माणूस होता, पोटावर एप्रन ताणलेला. त्याने मोठ्या थाटात ते दोघांच्या मधे ठेवलं, शेजारी पावाची टोपली ठेवली, आणि म्हणाला, "झाकण तुम्हीच काढा, त्यातच मजा आहे."

नाकोबाने झाकण काढलं. वाफेचा लोट उठला. काळे चकचकीत शिंपले, उघडे पडलेले, आत केशरी मांस, खाली पातळ रस्सा. तो पुढे वाकला, इतका वाकला की त्याचा चष्मा पांढरा झाला. ये, तो मनात म्हणाला. ये रे बाबा. तुझ्या पाया पडतो. नाकात वाफ शिरली, ओली, ऊन, कपाळापर्यंत चढली. आणि तिच्यात काहीही नव्हतं. उकळत्या पाण्यावर तोंड धरलं असतं तर याहून वेगळं काही कळलं नसतं.

झाकण हातात तसंच राहिलं, त्याच्या कडेवरून थेंब ओघळून बाहीत शिरले. संपलं, त्याच्या मनात आलं. उद्या सकाळी नऊ वाजता संपलं.

"अहो, सांगा ना," बायको म्हणाली.

"काय?"

"काय म्हणजे? तुमचा खेळ." हा त्यांचा जुना खेळ होता. कुणाकडे जेवायला गेले, कुठल्या खिडकीखालून गेले की ती म्हणायची सांगा, आणि हा डोळे मिटून एकेक जिन्नस मोजायचा, अगदी जाळ मोठा होता की मंद ते सांगायचा. लग्न ठरल्यावर पहिल्यांदा भेटले तेव्हा याच खेळावर त्याने तिला जिंकलं होतं. "किती दिवसांत खेळला नाहीत. सांगा की आज."

तिच्या डोक्यामागे भिंतीवर फळा होता. फळ्यावर पदार्थ आणि त्यात काय काय, सगळं लिहिलेलं. नाकोबाने चष्मा पुसायचं निमित्त केलं, घातला, आणि फळा वाचला. मग डोळे मिटले. निर्लज्जपणाला सीमा नसते.

"लोणी," तो म्हणाला. "कांदा. बिअर, तीही फिकी. सेलरीचे देठ. आणि लसूण. भरपूर लसूण. ठेचून नाही, चिरून घातलाय."

'ठेचून नाही, चिरून' हे त्याने आपल्या पदरचं घातलं होतं. त्याचा त्याला जरा अभिमानही वाटला.

डोळे उघडले तर बायको त्याच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, राग नव्हता, काहीच नव्हतं.

"यात लसूण नाहीये," ती म्हणाली.

"आहे ना. येतोय की."

"नाहीये. तुम्ही हात धुवायला गेलात तेव्हा मी वेटरला सांगितलं, लसूण घालू नका. माझ्या मिस्टरांची उद्या परीक्षा आहे, म्हटलं. तो म्हणाला, लसणाशिवाय काय चव लागणार? म्हटलं, नसू दे चव." तिचा आवाज चढला नव्हता. "बावीस वर्षं आठवड्याच्या दिवसांत तुमच्या ताटात लसूण जाऊ दिला नाही मी. आज परीक्षेच्या आदल्या दिवशी जाऊ देईन होय?"

शेजारच्या टेबलावर कुणीतरी शिंपली बादलीत टाकल्याचा खळकन आवाज झाला. बावीस वर्षांच्या संसारात आपली बायको काय करेल एवढंही याला सुचू नये! दुसऱ्या कुठल्याही घरात ही थाप पचली असती.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"अगं, सर्दी आहे जरा..."

"कधीपासून येत नाहीये वास?"

"तापापासून."

ती मागे टेकली. मग तिने जे केलं ते त्याच्या कल्पनेत नव्हतं. ती रडायला लागली. तोंडावर हात धरून, खांदे हलवत. आणि रडता रडता मधेच तिला हसू यायला लागलं. लोक बघायला लागले.

"लेकीने अत्तर पाठवलं होतं," ती म्हणाली. "तीन आठवडे झाले. मी मुद्दाम लावलं, सोमवारी सकाळी. म्हटलं, आता घर डोक्यावर घेतील. तुम्ही काही बोलला नाहीत. मंगळवारी दोन ठिकाणी लावलं. मग चार. दुकानातली गिऱ्हाइकं शिंकायला लागली हो! आणि तुम्ही माझ्या शेजारी बसून जेवत होतात, शेजारी झोपत होतात, ढिम्म. मला वाटलं, संपलं. मी असले काय, नसले काय, या माणसाला आता कळतसुद्धा नाही. आणि आज बाहेर जेवायला नेतो म्हणालात. मला वाटलं, आता सांगणार. दुसरी कुणीतरी आहे म्हणून सांगणार. चार लोकांत सांगितलं की बाई आरडाओरडा करत नाही, म्हणून इथे आणलं असणार."

"वेडी आहेस का तू?"

"हो, वेडीच! आत्ता या क्षणालासुद्धा लावलंय. हे बघा." तिने मनगट त्याच्या नाकाशी धरलं. "अख्ख्या बसमध्ये माझ्याशेजारी कुणी बसलं नाही."

त्याने तिचं मनगट धरलं आणि हुंगलं. ऊबदार कातडी, हाडाचं टोक. वास नाही. बावीस वर्षं त्याला या मनगटाचा वास माहीत होता, साबणाखालचा, सुईदोऱ्याखालचा, आणि तो त्याला आता आठवेना. इतके दिवस तो नोकरीसाठी रडत होता. हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

"मला वाटलं तू हसशील," तो म्हणाला. "मला वाटलं, नाक गेलं तर मी उरतोच कुठे."

"बावळट," ती म्हणाली. नाक पुसलं, मान वळवून वेटरला हाक मारली, "जरा पाणी देता का?"

वेटरने पाण्याचा जग आणून ठेवला, त्यात लिंबाच्या चकत्या तरंगत होत्या. तिने ग्लासात ओतलं, तोंडाशी नेलं. आणि थांबली. ग्लास खाली घेतला, परत वर नेला, परत थांबली.

"अहो," ती म्हणाली. "पाण्याला वास येतोय."

"लिंबाचा."

"लिंबाच्या खाली." तिने चमच्याने चकत्या बाहेर काढल्या, ग्लास तळव्याने झाकला, हलवला, तळवा उचलला आणि हुंगलं. कुणी शिकवलं नव्हतं तिला; बावीस वर्षं घरी त्याला पेले हुंगताना बघत आली होती. "कुजकट. ओल्या गवताचा ढीग राहिला की येतो तसा. त्याच्यामागे थोडं मासळीचं."

शिंपल्यांचा असेल, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं. पण ते खोटं असतं, आणि दोघांनाही ते कळलं असतं. त्यांच्या घरी नदीपलीकडच्या केंद्राचं पाणी यायचं. हे पाणी त्याच्या केंद्राचं होतं. आज सकाळी सात वाजता त्याने छताकडे बघून शून्य म्हटलेलं.

"किती?" त्याने विचारलं.

"काय किती?"

"आकडा. शून्य ते पाच."

तिने पुन्हा हुंगलं. घाई केली नाही. "तीन," ती म्हणाली. "साडेतीन म्हणता येत असेल तर साडेतीन."

तिनाला पाणी बंद करायचं असतं. तिनाला एक मिनिटही थांबायचं नसतं.

वेटर जवळच होता. नाकोबाने त्याची बाही धरली. "या पाण्याला वास कधीपासून येतोय?"

"येतोय ना?" वेटर म्हणाला. "कालपासून जरा जास्तच. म्हणून तर लिंबू घालतोय. आधीही मधूनमधून यायचा, दोघातिघांनी तक्रार केली. पण मी म्हटलं, इथे दोन चौकांवर तर पाणी तपासतात. वास असता तर त्यांनी सोडलं असतं का?"

नाकोबा उठला. बाक मागे सरकला आणि धाडकन आडवा झाला. "पाणी पिऊ नका!" तो ओरडला. बोलण्यात कच्चा माणूस, आवाज चिरकला. "कुणी पाणी पिऊ नका! जगमधलं पाणी, नळाचं पाणी, पिऊ नका!"

कोपऱ्यातल्या टेबलावरून कुणीतरी बिअरचा ग्लास उंच धरला. "काका, इथे पाणी पितंय कोण?" सगळा कॅफे खो खो हसला. दाराजवळच्या टेबलावर एक आजी नातीला शिंपला सोलून देत होती, नातीच्या हातात पाण्याचा पेला होता, अर्धा रिकामा. नाकोबा तिथे गेला आणि त्याने तो पेला तिच्या हातातून काढून घेतला. मुलगी रडायला लागली. आजी म्हणाली, "अहो, हे काय चाललंय?" आणि मग कुणी हसलं नाही.

टेबलाशी परत येऊन त्याने खिशातल्या फोनवरून प्रयोगशाळेत फोन लावला. परीक्षेची तयारी म्हणून नवी केमिस्ट थांबली होती. तिनेच उचलला.

"पुरवठा बंद करायला सांग," तो म्हणाला. "पाळीवरच्या इंजिनीयरला सांग, आत्ता. तीन आहे. कुजकं गवत आणि मासळी. तलावात शेवाळ कुजतंय. पळ!"

तिने प्रश्न विचारला नाही. रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, पळत गेलेली पावलं, लांबून बोलणं. बायको त्याच्याजवळ येऊन उभी राहिली होती. चार मिनिटांनी पावलं परत आली.

"बंद केलं, सर. राखीव टाकीवरून वळवतायत. तुमच्या सांगण्यावर लगेच केलं." तिला धाप लागली होती. "सर, नोंदवहीत लिहावं लागेल. वास कुणी घेतला?"

"माझ्या बायकोने."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"मला वास येत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे आज, सर? सर्दी वगैरे? तसं लिहिते ना. आजपासून."

पोरगी चांगली होती. तिने दार उघडून धरलं होतं, त्याने फक्त आत शिरायचं होतं. आजपासून. एका शब्दात भागलं असतं; उलट नाकोबाने गाव वाचवलं म्हणून पाठीवर थापही पडली असती. त्याने बायकोकडे पाहिलं. ती त्याला काही सांगत नव्हती, नुसती बघत होती.

"सहा आठवड्यांपासून," तो म्हणाला. "तसंच लिही. मी तुझा चेहरा बघून शून्य म्हणत होतो. तुझी भुवई कधी हलली नाही, म्हणून शून्य."

पलीकडे नोंदवहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"सर," ती अगदी हळू म्हणाली, "मी मुद्दाम हलू देत नव्हते. मला यायचा वास. कधी कधी. पण मग तुम्ही हुंगायचात आणि शून्य म्हणायचात. मला वाटलं, माझंच नाक अजून तयार नाही. तुम्हाला कळलं तर हसाल, म्हणून मी चेहरा सरळ ठेवायला शिकले. आरशासमोर."

नाकोबाने भिंतीला पाठ लावली. बायकोने पडलेलं बाक उचलून सरळ केलं आणि त्याला दंडाला धरून बसवलं.

"कुठले दिवस?" त्याने विचारलं. "तुला वास आला ते दिवस. आठवतायत?"

"सगळे आठवतायत, सर."

बायकोने पर्समधून दुकानातली पेन्सिल काढून त्याच्या हातात दिली, आणि टेबलपोसाचा कागद फाडून पुढे सरकवला.

"सांग," तो म्हणाला.

"पहिला, तुम्ही रजेवरून आलात तो सोमवार," ती म्हणाली. "मग त्याच आठवड्यातला गुरुवार. मग शुक्रवार."

तो लिहीत गेला.